मामंजींची चाकपारख

शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९७१

चाकं आली! बन्सी पंक्चरवाल्याने जामखेडहून बैलगाडीत घालून आणली. पाच आहेत. हिरवा रंग दिलेला, उन्हात नुसती चकाकत होती. अंगणात उतरवली तर वस्तीवरचं झाडून सगळं माणूस बघायला हजर. मला वाटलं, तासाभरात जीपला चढतील आणि संध्याकाळी फेरी!

कसलं काय. मामंजींनी चढवूच दिली नाहीत. स्वतः मातीत बसले आणि एकेका चाकावरून तळवा फिरवत राहिले, बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. बन्सी म्हणाला, "आबा, पाच भोकं हायेत. जीपलाबी पाचच. बसतंय की!"

मामंजी वर न बघता म्हणाले, "भोकं काय, चाळणीलाबी असत्यात."

बन्सीचं तोंड बघण्यासारखं झालं. मी पदराआड हसून घेतलं.

१३ नोव्हेंबर

जीप उन्हाळ्यात नगरच्या लिलावातून घेतली तेव्हापासून विटांवरच उभी आहे. आधीच्या मालकाने नट सैल ठेवून हाकली, त्यामुळे जुन्या चाकांची भोकं झिजून लांबट झालीत. मामंजींनी मिल्ट्रीत वीस वर्षं गाडी चालवली. अशा चाकांवर ते शेजारच्या मळ्यातही जाणार नाहीत.

आज जुनं आणि नवं चाक शेजारी आडवं टाकून सुतळीने मापं घेतली. भोकापासून भोकाचं अंतर, मधल्या मोठ्या भोकाची रुंदी, चाक आत किती खोल आहे ते. नव्या चाकाच्या कडेला आकडे कोरलेत. मी दोन हातांवर उभी! तरी मामंजी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "सूनबाईला म्हणावं, काय लिवलंय ते वाच."

आत्याबाई माझ्याकडे वळून, "काय लिवलंय ते वाच म्हनत्यात."

मी आकडा आत्याबाईंना सांगितला, आत्याबाईंनी मामंजींना. तेवढ्या वाटेत तो एकदा बदललाच! लग्नाला दोन वर्षं झाली, सासऱ्याशी एक शब्द थेट बोललेली नाही. तेही माझ्याशी नाहीत. रीत आहे, करणार काय. पण एवढ्या जाणत्या माणसाला आकडा सुनेकडून वाचून घ्यावासा वाटला — हा मॅट्रिकचा मान आहे! दिवसभर उगाचच तरंगत होते.

१६ नोव्हेंबर

दगडाबाई सुईण येऊन पोट बघून गेली. बाळ पायाळू आहे. डोकं वर, पाय खाली. "ह्ये माज्या हातचं न्हाई बाई. नगरला न्या, आन् येळेच्या आदी न्या," म्हणाली.

मागच्या खेपेला जामखेडपर्यंत बैलगाडी, तिथून एस.टी. कडा गावाच्या अलीकडेच सगळं आटोपलं. मुलगी होती. याच्यावर जास्त लिहीत नाही.

१७ नोव्हेंबर

म्हाताऱ्याला नसती हौस सुचली, असं सगळी वस्ती म्हणत होती. मीही म्हणाले असेन मनात. जीप का घेतली ते आज माझ्या डोक्यात शिरलं.

२१ नोव्हेंबर

आज माझी काजळाची डबी गेली! मामंजींनी मागवली. आत्याबाई कपाळाला हात लावून — "नटाला दिष्ट लागतीया व्हय आता?"

नटाचं एक तोंड निमुळतं असतं आणि चाकाच्या भोकाला आतून तसाच उतार असतो. उताराला उतार सगळीकडून चिकटायला हवा. नाहीतर नट कितीही आवळा, चाक हलत राहणार. आता हे लोखंडात बघायचं कसं? तर नटाला काजळाचं बोट पुसायचं, आवळायचा, सोडवायचा आणि भोकात बघायचं. काळं कडं पूर्ण उमटलं तर चाक आपलं. काय डोकं आहे या माणसाचं! मी तर तोंडात बोट घालून बघत राहिले.

बघायचं काम माझ्याकडेच. "सूनबाईला म्हणावं, कडं पुरं हाय का बघ." एवढं पोट घेऊन वाकायचं म्हणजे शिक्षाच, पण एकही भोक सोडलं नाही. तीन चाकांत पूर्ण कडं. दोन चाकांत नुसती चंद्रकोर.

बन्सी कळवळून म्हणाला, "अर्धं तर बसलंय की आबा!"

"चाक निगाल्यावर अर्धीच मानसं पडत्यात का?"

दोन चाकं परत. उरलेल्या तिन्ही चाकांचा भोकांजवळचा सुंदर हिरवा रंगही खरवडायला लावला. रंग जाड असला की नटाखाली चुरतो आणि नट ढिला पडतो म्हणे. बन्सी खरवडत होता आणि तोंडाने पुटपुटत होता. मामंजी बोटाच्या पेराने तपासत होते. रंगाचा एक कण राहिला तरी बोट थांबायचं.

२९ नोव्हेंबर

बन्सी आणखी दोन चाकं घेऊन आला. त्यातलं एक पास! चार झाली. माझ्या काजळाची डबी खरवडूनसुद्धा रिकामी.

जीपच्या डाव्या अंगाच्या चाकांचे नट उलटे फिरतात, हे मला ठाऊक नव्हतं. बन्सीला ठाऊक असायला हवं होतं! पठ्ठ्या घामाघूम होऊन पान्यावर लोंबकळतोय, आणि आवळण्याऐवजी सोडवतोय. मामंजी शांतपणे बिडी ओढत बसले. चांगला दमल्यावर म्हणाले, "आता दुसऱ्या अंगानं फिरीव." असा चेष्टेखोर माणूस आहे हे मला आजच कळलं.

४ डिसेंबर

लढाई सुरू झाली. काल रात्री विमानं आली म्हणे. यांची पलटण तिकडे पश्चिमेला कुठेतरी आहे. रेडिओजवळ बसवत नाही आणि उठवतही नाही.

मामंजींनी बातम्या उभ्यानेच ऐकल्या आणि जीपखाली जाऊन पडले. जेवायलाही बाहेर आले नाहीत.

६ डिसेंबर

खूप दिवसांनी पोट धरून हसले, बाळानेही लाथा मारल्या.

मामंजींचं म्हणणं, मोकळ्या गाडीत चाक बसलं त्याला अर्थ नाही. भार पडला की गाडी खाली बसते, मग टायर वरच्या पत्र्याला घासायला नको. तेव्हा जड माणसं पाहिजेत. आता आमच्या वस्तीवर पावसाने दोन वर्षं पाठ फिरवलेली, जड माणसं आणायची कुठून? निम्मी वस्ती ऊसतोडीला गेलेली. शेवटी आत्याबाईंचा पहिला नंबर! त्या फणकारल्या — "मी काय ज्वारीचं पोतं हाय का?" मग शेजारच्या कडूबाई, आणि स्टिअरिंगपुढे बन्सी स्वतः. दोन पोती खरोखरची ज्वारीची. कडूबाई जीपमध्ये बसल्यावर जावयाच्या घरी चालल्यासारख्या पदर सावरून समोर बघत होत्या, आणि गाडी तर जागची हललेलीही नव्हती.

मामंजींनी बन्सीला चक्र पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवायला लावलं आणि प्रत्येक वेळी टायर आणि पत्र्याच्या मधे हात घालून बघितला. चार बोटं जागा. पुढच्या डाव्या चाकाला तीनच. तिथे किती तरी वेळ हात तसाच ठेवून बसले. मग म्हणाले, "चालंल."

तो शब्द ऐकून मला हायसं वाटलं. मामंजी उगीच कशालाही 'चालंल' म्हणत नाहीत.

८ डिसेंबर

आज जे बघितलं ते कुणाला सांगून खरं वाटायचं नाही.

मामंजींनी पाण्याचा हंडा काठोकाठ भरून मागच्या बाकावर ठेवला. बरोबर मी बसणार त्या जागी. खाली गोधडी, दोन्ही बाजूंनी उशा. मग जीप सुरू केली आणि एकटे ओढ्यापर्यंत जाऊन आले. आल्यावर आधी नट तपासले, चाकांच्या मध्यावर तळवा ठेवला. तिथे चाक तापलं तर काहीतरी घासतंय असं समजायचं. मग हंड्यात हात घालून पाणी किती उरलं ते बघितलं. ओंजळभर सांडलं होतं. टायरमधली हवा थोडी काढली, कोरडी गोधडी घातली, हंडा भरला आणि परत गेले. तीनदा गेले! तिसऱ्यांदा आले तेव्हा गोधडी कोरडी.

आत्याबाईंना म्हणाले, "आता बसंल ती."

मी चुलीपुढे जाऊन रडले. माझ्या वडिलांनीही माझ्यासाठी एवढं केलं नसतं. ते काष्टीच्या बाजारातून साडी आणतील, पण हंडा घेऊन ओढ्यापर्यंत नाही जाणार. असा सासरा मिळायला नशीब लागतं, आणि मला त्यांना तसं म्हणताही येत नाही.

११ डिसेंबर

उद्या निघायचं. ऊन चांगलं चढल्यावर निघायचं आणि उतरायच्या आत नगर गाठायचं, अशी मामंजींची सक्त ताकीद. लढाईमुळे नगरला दिवे बंद असतात, म्हणून असेल. पाचवं चाक जुन्यातलंच बरं बघून मागे बांधलंय. यांचं पत्र नाही.

१३ डिसेंबर, नगर

काल पोचलो! डॉक्टरीणबाईंनी तपासलं, दाखल करून घेतलं. सगळं ठीक आहे म्हणाल्या.

मामंजींनी अशी गाडी आणली की माझ्या पोटातलं पाणी हललं नाही. हळू, सारखी, रस्त्याच्या अगदी मधून. मिल्ट्रीची शिस्त! भोंगा मात्र फार वाजवतात. कड्याच्या पुढे एका बाभळीलासुद्धा वाजवला. आणि आत्याबाई! त्या हट्टाने पुढे बसल्या आणि सबंध वाटेत त्यांचं तोंड क्षणभर बंद नाही. "खड्डा हाय. म्हशी आल्या. समोरनं एस.टी. येतीया, डावीकडं घ्या." मला इतका राग आला! वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला बाई शिकवतेय. मामंजी मात्र एका शब्दाने उलटून बोलले नाहीत. केवढा सोशिक माणूस.

वाटेत दोनदा थांबून नट आवळून बघितले. एकही ढिला नव्हता.

१५ डिसेंबर

मुलगा. पाय आधी आले. दोघं सुखरूप. लिहवत नाही.

१७ डिसेंबर

लढाई थांबली! वॉर्डात पेढे वाटले. सगळ्या बायका एकमेकींना मिठ्या मारतायत. मी बाळाला घट्ट धरून बसले. यांची खबर नाही.

२१ डिसेंबर

कार्ड आलं. खुशाल आहेत! हातीपायी धड. मामंजींनी आत्याबाईंमार्फत मला ते पुन्हापुन्हा वाचायला लावलं.

२४ डिसेंबर

सकाळी डॉक्टरीणबाईंनी सहज मामंजींच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याने तर काहीच दिसत नाही, डाव्याने भर उन्हात जेमतेम सावल्या. आत्याबाई खाली मान घालून बसल्या होत्या — त्यांना ठाऊक होतं! दोन वर्षं एका घरात राहून मी त्या माणसाच्या डोळ्यांकडे एकदाही बघितलेलं नाही.

दुपारी मामंजी खाटेजवळ आले. आत्याबाईंकडे वळले नाहीत. "पोरी," म्हणाले — मला! — "मला त्याचं त्वांड दिसंना. कसं हाय, तू सांग."

मी त्यांचा हात धरून बाळाच्या कपाळावर ठेवला आणि सांगत बसले.