तेल प्यायलेल्या पट्ट्या

२८ सप्टें., कळमनुरी
परीक्षा ७ ला, दुपारी तीन, व्हिडिओवर. पुण्यातल्या संगीत अभ्यासक्रमाला जागा एकच. मरिंबा, लाकडी पट्ट्यांचं हे वाद्य, घरी बनलेलं फक्त माझंच असेल. चार वर्षांपूर्वी अप्पांनी, माझ्या सुतार वडिलांनी, शिसवाच्या पट्ट्या कानाला लावून लावून तासल्या, खाली नळाचे पाइप बसवले. लाकडाचा सूर लगेच विझतो, म्हणून टोकाला गोळे असलेल्या चार दांड्या पट्ट्यांवर भराभर घोळवत राहायच्या. आज खालच्या पट्ट्या चक्क गायल्या. हरखले.

१ ऑक्टो., खंडेनवमी
शिकवणी घेऊन आले तर करवत, रंधा आणि त्यांच्या रांगेत मरिंबा! हळदकुंकू, झेंडूची माळ. पट्ट्या चकाचक. अप्पांनी जवसाचं तेल चोळलंय, दोनदा.
"सालभर राबतंय ते बी. अवजारच हाय की."
पाया पडले. पूजेतलं अवजार आज उचलायचं नसतं, म्हणून वाजवलं नाही.

२ ऑक्टो., दसरा
वाजवलं. खालच्या सहा पट्ट्या धप्प. परातीत कणीक आपटावी तशा. सूरही उतरलेत. तेल मुरलं आत. पलंगाला, चौकटीला चोळायची सवय, तीच इथे. सुतार माणसाला एवढं कळू नये?
आई म्हणाली, "आज काही बोलू नको त्यांना. सण हाय." सोनं वाटत हिंडले.

४ ऑक्टो.
ऊन दाखवलं, फडक्याने पुसलं. व्यर्थ. शेवटी तोंड सुटलं. "काहून लावलं तेल?"
अप्पांनी खालच्या पट्टीवर टिचकी मारली. "बराबर तर वाजून राहिलं."
रागाने वरची सगळ्यात बारीक पट्टी वाजवली. "आन् ही?"
"कोंची? वाजव ना."
वाजवली होती.
यंत्राच्या करवतीपाशी तीस वर्षं, बारीक सूर कानाला येतच नाहीत. आम्हाला कुणालाच कळलं नाही. लाज वाटतेय स्वतःची, आणि परीक्षेची भीती तशीच.

५ ऑक्टो.
सकाळी अप्पाच आले. "मोबाइलमधी सूर दाखवतंय ते लावून दे." पूर्वी अप्पा त्याला हसायचे. पट्टीची टोकं तासली की सूर चढतो. मी वाजवते, ते काटा बघून तासतात. चार झाल्या. जास्त तासलं तर परत जोडता येत नाही.

६ ऑक्टो.
शेवटच्या दोन. अप्पा म्हणाले, "आता काटा नको. तू ऐक. बस म्हनलीस की थांबतो."
मी म्हणाले, बस.
"झाली का पयल्यासारखी?"
"व्हय."
सूर जागेवर आहे. आवाज मात्र अजून जाडच. उद्या दुकान बंद ठेवून माझ्यासमोर बसणार म्हणतात, ऐकायला.