आप्पा, तुमचं तोंड

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एसटीत चढले की मी आधी ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघते. हल्लीचे ड्रायव्हर गप्प असतात. बैलगाडी आडवी आली तर नुसता हॉर्न वाजवतात. मला ते कसं अपुरं वाटतं. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत तुम्ही सातारा-रहिमतपूर गाडी चालवायचात, तेव्हा वाटेवरच्या गावांना गाडी आल्याचं हॉर्नवरून कळत नसे, तुमच्या आवाजावरून कळे. सायकलवाला, गुराखी, उसाची गाडी रस्त्यात उभी करून विडी ओढणारा, सगळ्यांना तुम्ही खिडकीतून मान बाहेर काढून त्यांच्या कुळासकट आठवायचात. मारामारी कधी केली नाहीत, दारूला कधी शिवला नाहीत, रविवारी ड्युटी नसली की आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात पहिल्या ओळीत बसून गीतं म्हणायचात, तीही खड्या आवाजात. फक्त तोंड. आई म्हणायची, "तुमचा बाकीचा सगळा माणूस तारला गेलाय, तोंड तेवढं मागं राहिलंय."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच तोंडानं तुमचा भाऊ तुटला होता. आजोबा पलूसला वारले तेव्हा तुम्ही गाडी घेऊन फलटणला गेला होतात. निरोप मिळून तुम्ही पलूसला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि भर उन्हाळा म्हणून काकांनी तुमची वाट न बघता माती उरकली होती. तुम्ही तसेच खाकी कपड्यात कबरीपाशी गेलात आणि धाकट्या भावाला, तिथल्या पाळकसाहेबांच्या आणि सगळ्या गावाच्या देखत, जे बोललात ते आईनं मला कधीच पुरतं सांगितलं नाही. शेवटी "आजपासून तू माझा भाऊ न्हाईस" असं होतं, एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर पलूसचं नाव घरात निघेनासं झालं. आणि देवळात प्रभूभोजनाचा, भाकर आणि द्राक्षरस वाटायचा रविवार आला की ताट तुमच्या ओळीपर्यंत पोचायच्या आत तुम्ही उठून बाहेर जायचात. का, तर सायकलला कुलूप लावलंय का बघायला. भावाशी वाकडं असताना त्या भाकरीला हात लावायचा नाही, हे तुम्हीच ठरवलेलं. वर्षानुवर्षं इतकी राखण झालेली सायकल साऱ्या साताऱ्यात दुसरी नसेल.

मग एकदा बाहेरगावच्या एका उपदेशकांनी आपल्या देवळात तीन दिवस सभा घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही घरी येऊन जाहीर केलंत, "आजपासून शिवी बंद. तोंड सुधारतो, आन् मग पलूसला जातो." मी तेव्हा कॉलेजात होते. आई भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "कुणाच्या बळावर?" तुम्ही छातीवर हात मारलात. "माझ्या. मनुष्यानं ठरवलं तर काय होत न्हाई?" आईनं पुढची भाकरी थापायला घेतली. तिला कधी बोलायचं नाही ते कळायचं.

पहिला उपाय लवंगेचा. तोंडात लवंग धरायची, राग आला की ती चावायची. दोन-तीन दिवसांत तुमची जीभ सोलून निघाली आणि वरण-भातसुद्धा गिळवेना. दुसरा उपाय भाज्यांचा. शिवी तोंडात आली की तिच्या जागी भाजीचं नाव घ्यायचं. मी त्या दिवशी तुमच्याच गाडीत होते, म्हणून हे मला कुणी सांगितलेलं नाही. रहिमतपूरच्या अलीकडे एका ट्रकवाल्यानं कट मारला आणि तुम्ही खिडकीतून डोकं काढून असे गरजलात, "अरं दोडक्याऽऽ! भोपळ्याऽऽ! दिसत न्हाई व्हय रं, पडवळाऽऽ!" की आवाजातला दारूगोळा तसाच, नुसतं वेष्टन बदललेलं. मागून बाजाराला निघालेली एक म्हातारी म्हणाली, "आवं डायव्हरसाहेब, दोडका न्हाई, गवारी हाय. देऊ का?"

पण खरी बहार तुमच्या कंडक्टरनं आणली. तो कोरेगावकडचा, शेतकरी घरातला, थोरला भाऊ फौजेत. तुमच्यावर त्याचा भारी जीव. तुम्ही त्याला सांगून ठेवलंत की मी तापलो की दोरी ओढून एक घंटी दे, म्हणजे मला आठवण होईल. तो म्हणाला, "व्हय, देतो की." आणि त्यानं दिली. आता एक घंटी म्हणजे गाडी थांबव, हे तुमच्या पायाला इतक्या वर्षांत मुरलेलं. घंटी वाजली की पाय आपोआप ब्रेकवर. गाडी गचकन थांबायची, उभे लोक बसलेल्यांच्या मांडीवर, कोंबड्यांच्या पाट्या पुढं. लोक ओरडायचे, तुम्ही अजून तापायचात, तो अजून घंटी द्यायचा. त्या दिवशी रहिमतपूरला पोचायला गाडीला इतका उशीर झाला की स्टँडवरच्या साहेबांनी विचारलं, "इंजनात बिघाड हाय काय?" कंडक्टर अदबीनं म्हणाला, "इंजान ठीक हाय साहेब. डायव्हर दुरुस्तीला काढलाय."

तरीही तुम्ही हटला नाहीत. दात आवळून, मुठी आवळून तुम्ही काही आठवडे काढलेत. घरात मात्र आमची पंचाईत झाली. शिवी नाही तर नाही, पण तुम्ही इतके चिडचिडे झालात की आईच्या हातून भांडं पडलं तरी तुम्ही डोळे मिटून, ओठ आवळून, थरथरत उभे राहायचात, आणि ते शिवीपेक्षा भयंकर वाटायचं. एकदा आई म्हणाली, "देऊन टाका एक. निदान जेवण गोड लागेल." तुम्हाला ते आवडलं नाही. तुम्ही पाळकसाहेबांना जाऊन सांगितलंत की येत्या रविवारी मला साक्ष द्यायची आहे. मनुष्याच्या निश्चयानं काय होतं ते मंडळीला कळू दे.

तो रविवार मला आजही समोर दिसतो. तुम्ही परीटघडीचा पांढरा सदरा-लेंगा घातलाय. आम्ही पुढं येऊन बायकांच्या बाजूला बसलोय. तुम्ही सायकल लावायला बाहेर थांबलाय. आत पाळकसाहेब म्हणतात, "आता आपण सारे क्षणभर शांत राहून आपली अंतःकरणं प्रभूपुढं मांडू." सगळी मंडळी माना खाली घालते. टाचणी पडली तरी ऐकू येईल. आणि खिडकीबाहेरून तुमचा आवाज येतो. गटारात लोळून आलेल्या एका म्हशीनं तुमच्या शेजारून जाताना शेपटीचा एकच फटकारा मारला होता, आणि तुम्ही कित्येक आठवडे कोंडलेलं सगळं त्या एका म्हशीवर मोकळं केलंत. तिच्या आईपासून सुरू करून तुम्ही तिच्या मालकापर्यंत आलात, तिथून गटारं न काढणाऱ्यांपर्यंत गेलात. एकही भाजी त्यात नव्हती. खिडक्या उघड्या. माना कुणी वर केल्या नाहीत, पण पुढच्या ओळीतल्या बायकांचे खांदे हलू लागले. आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. पाळकसाहेबांनी ती शांत प्रार्थना लवकर आटोपती घेतली.

तुम्ही परत जाल असं मला वाटलं होतं. मी तुमच्या जागी असते तर साताराच सोडला असता. पण तुम्ही आत आलात, गालावर चिखल, सदऱ्यावर चिखल, आणि सरळ पुढं जाऊन मंडळीकडे तोंड करून उभे राहिलात. म्हणालात, "मी आज साक्ष देणार होतो. ती तुमी आत्ता ऐकलीच." मग मात्र लोकांना हसू आवरेना. पाळकसाहेबसुद्धा हसले. तुम्ही नाही हसलात. हसणं थांबेपर्यंत उभे राहिलात, आणि मग ज्या आवाजात बोललात तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "मला जमत न्हाई. मी लय केलं. माझ्यानं व्हत न्हाई. आजारी माणसानं आधी बरं व्हावं आन् मग दवाखान्यात जावं, तसं माझं चाललं व्हतं. प्रभूला म्हनत व्हतो, तू जरा भाईर थांब, मी चांगला झालो की तुला बोलावतो. आता त्यालाच म्हनतो, मी हाय हा असा हाय. तुला काय जमतंय ते बघ." एवढं बोलून तुम्ही आपल्या जागेवर जाऊन बसलात. नंतर पाळकसाहेब तुमचा हात धरून प्रेमानं म्हणाले, "आता जीवनाचं स्टिअरिंग प्रभूच्या हाती द्या." तुम्ही म्हणालात, "साहेब, स्टिअरिंगचं काय न्हाई, रस्ता माझा चुकत न्हाई. तोंडाचंच सांगा त्याला."

घरी येऊन आईनं सदरा भिजत घातला आणि विचारलं, "पलूसला कधी जायचं?" तुम्ही दचकलात. "अगं, आत्ताच तर बघितलंस. आधी सुधारू तर दे." आई म्हणाली, "मगाशी साऱ्या देवळाला काय सांगून आलात?" तुम्ही अंगणात जाऊन सायकलचं कुलूप बघितलंत. मग आत येऊन म्हणालात, "पोरीला संगं देतीस?"

दुसऱ्या दिवशी आपण निघालो. तुम्ही प्रवासी म्हणून बसलात आणि कऱ्हाडपर्यंत प्रत्येक वळणाला पायानं पत्रा दाबत होतात. पलूस जवळ येऊ लागलं तसे तुमचे ओठ हलू लागले. काका अंगणात बाज विणत बसले होते. त्यांनी मान वर केली, तुम्हाला पाहिलं, हातातला काथ्या टाकला आणि सुरू झाले. आप्पा, मी थक्क झाले. शब्द तेच, चाल तीच, मान काढायची तऱ्हा तीच. घराण्याचा वारसा एकट्या तुमच्याकडेच आलेला नव्हता. तुमचे कान लालबुंद झाले. मी पिशवी घट्ट धरली आणि परतीच्या गाडीची वेळ आठवू लागले. तुम्ही हात खाली सोडून उभे, ओठ तेवढे हलत होते. शेवटी ते श्वास घ्यायला थांबले तेव्हा तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं. बाच्या मातीवर तसं बोलाय नको व्हतं."

काकांनी कान पुढं केला. "काय म्हनलास?"

"चुकलं माझं."

काकांनी घराकडे तोंड केलं. "अगं ए, भाईर ये. दादाच्या कपाळाला हात लावून बघ, ताप आलाय का!" पण म्हणता म्हणताच त्यांनी टाकलेला काथ्या पुन्हा हातात घेतला. ते परत बाजेपाशी बसले आणि विणलेल्या काथ्याकडे बघत म्हणाले, "मीबी थांबायला पायजे व्हतं रं. सांजपातुर थांबलो असतो तर काय बिघडलं असतं." काकू कपाळाला हात लावायला खरंच बाहेर आल्या होत्या. त्या तशाच परत फिरल्या आणि चुलीवर आधण ठेवलं. जेवताना काकांनी विचारलं, "मी बोलत व्हतो तवा तू तोंडातल्या तोंडात काय पुटपुटत व्हतास?" तुम्ही म्हणालात, "प्रभूला म्हनत व्हतो, ह्याला तरी आवर न्हाईतर मला तरी आवर." काका म्हणाले, "मला तर न्हाई आवरलं." आणि मग तुम्ही दोघं इतके हसलात की काकूंना वाटलं ठसका लागला.

त्यानंतरच्या प्रभूभोजनाला तुम्ही जागचे हलला नाहीत. ताट आलं तेव्हा तुम्ही भाकरीचा तुकडा उचललात, ते मी पाहिलं. बाहेर आलो तर सायकलच्या दोन्ही चाकांची हवा गेलेली. तुम्ही तोंड उघडलंत, मिटलंत, आणि एकच शब्द बोललात, तोही अर्धा.

तुम्ही सुधारलात असं मी म्हणणार नाही, पत्रात खोटं कशाला लिहू. पण रोज गाडी सुरू करायच्या आधी तुम्ही डोळे मिटून "मला जमत न्हाई, तू बघ" एवढंच म्हणायचात, आणि पुष्कळ दिवस ते निभायचं. ज्या दिवशी नाही निभायचं त्या दिवशी कंडक्टर मागून विचारायचा, "डायव्हरसाहेब, आज देवाला सांगायचं इसरलासा जनू?" आणि तुम्ही खिडकीतून डोकं आत घेऊन म्हणायचात, "व्हय गड्या, आज माझं मीच निघालो." तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तो रडला होता.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला कळतं. शिवाय खरं सांगायचं तर मी कागद घेतला तो तुमच्यासाठी नव्हताच. माझ्या धाकट्या भावासाठी घेतला होता. आईच्या आजारपणात आम्हा भावंडांचं काहीबाही झालं, ती गेली, आणि तेव्हापासून आमचं बोलणं नाही. त्याला दोन ओळी लिहाव्यात म्हणून सकाळपासून बसलेय. पण आप्पा, त्याच्या नावापुढं जे जे शब्द सुचतात ते सगळे तुमचेच आहेत.