दोन जणांचं बुकिंग

१९ जानेवारी २०२६, सोमवार

केलं! बुकिंग केलं!

तळ्याकाठचं ते पांढरं हॉटेल. निळ्या खिडक्यांचं. बाराच खोल्या आहेत म्हणे. २ आणि ३ फेब्रुवारी, दोन रात्री, वरच्या मजल्यावरची बाल्कनीची खोली. मोबाइलवर फॉर्म भरताना दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा झालं. लगेच मेसेज आला – आपलं स्वागत आहे, त्रिवेणी मॅडम. चार वेळा वाचला.

मग कुकर लावायचाच विसरले.

२० जानेवारी

कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय. ह्यांना जाऊन साडेतीन महिने झाले, वर्ष व्हायचंय अजून. संक्रांतीला घरात तीळ आणले नाहीत. आणि मी निघाले हॉटेलात!

पण मौज म्हणून नाही. मी कबूल केलंय. इथं लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता आलेलं नाही.

ह्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना. एक तास झाला, सव्वा तास झाला. पिंडावर ऊन आलं. कावळे नव्हते असं नाही – समोरच्या भिंतीवर सात बसले होते, मी मोजले – पण एक खाली उतरेल तर शपथ. गुरुजी म्हणाले, प्रतापरावांची काही इच्छा राहिली असेल, आठवा, बोला. माझी नणंद इंदुताई म्हणाली, दादा, मी वहिनीला दर आठवड्याला भेटून जाईन. नाही. खालच्या मजल्यावरचा गौतम म्हणाला, काका, तुमची स्कूटर भंगारात जाऊ देणार नाही. नाही. गुरुजी शेवटी दर्भाचा कावळा वळायला बसले. तेवढ्यात तेजस पुढे झाला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, ‘बाबा, आईला मी पुण्याला नेईन. एकटी ठेवणार नाही.’

आणि कावळा शिवला.

सगळ्यांनी डोळे पुसले. तेजस तर लहान मुलासारखा रडला. पण त्याच वेळी मी मागे उभी राहून मनात म्हणत होते – त्या हॉटेलात एकदा राहून येईन. ह्यांची तेवढी इच्छा राहिली होती. तळ्याकडच्या रस्त्यानं जाताना हॉटेलच्या त्या बंगल्यापाशी हे स्कूटर हळू करायचे. दर वेळी. तीस वर्षं.

मग कावळा शिवला कशावर? तेजसच्या बोलण्यावर की माझ्या?

हे कुणी विचारलंच नाही. त्याचं सगळ्यांनी ऐकलं, माझं कुणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून पुणं ठरलं. ७ फेब्रुवारीला तेजस येतोय. ९ तारखेला माझी सही आणि हा फ्लॅट गौतमचा.

२३ जानेवारी

तेजसचा फोन. काय न्यायचं, काय टाकायचं त्याची यादी सांगत होता. शिलाई मशीन टाकायचं. मोठा फ्रिज टाकायचा. मी आपलं इथल्या बोलीत हौ, हौ म्हणत होते. मागून सून मानसी म्हणाली, आई, पुण्यात हौ नका म्हणू हं, लोक हसतील. मानसीच्या मनात काही नसतं. पण लागलं.

एकोणचाळीस वर्षं बरकतपुऱ्यात काढली. भाजीवाल्यापासून मी ज्या लॅबमध्ये रक्त तपासायचे तिथल्या डॉक्टरांपर्यंत माझं ‘हौ’ सगळ्यांना कळतं.

हे मी तेजसला बोलले नाही. काय बोलणार? कावळा शिवलाय.

२६ जानेवारी

राहवलं नाही. इंदुताईला सांगितलं! ती कुकटपल्लीहून दुपारी आली होती, भरली वांगी घेऊन. कावळ्याचं नाही सांगितलं, फक्त हॉटेलचं – दादांची इच्छा होती म्हणून.

ती घास हातात धरून बघतच राहिली. म्हणाली, ‘दादाची? हॉटेलची? वहिनी, तो लग्नाला गेला तरी रात्री झोपायला घरी यायचा.’

मी ताक आणायला उठले.

परत आले तर तिचं सुरू झालं होतं – कुठली साडी नेणार? ती मोरपंखी ने. मी म्हटलं, वर्ष नाही झालं. तर म्हणाली, नवी कुठं आहे ती, नेसून ने नाहीतर पिशवीत घालून ने, पण ने. तेजसचा फोन आला तर तू माझ्याकडे आहेस असं सांगायचं ठरलं. जाताना जिन्यावर पुन्हा वळून म्हणाली, साबण घेऊन ये माझ्यासाठी, असल्या ठिकाणी छोटे छोटे देतात.

दोघी किती हसलो! ह्यांच्यानंतर पहिल्यांदा. मग मलाच दचकल्यासारखं झालं.

१ फेब्रुवारी, रविवार

पिशवी तीनदा भरली. मोरपंखी घेतली.

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचले! काय लिहू, काय नको!

ऑटो थेट फाटकाच्या आत गेला. ऑटोवाल्यालाच जास्त आनंद झाला, तो उतरून चारीकडे बघत राहिला. दारात थंड टॉवेल दिला, तोंड पुसायला – मोगऱ्याचा वास त्याला. काउंटरवरच्या मुलीचं नाव प्रियदर्शिनी. तिनं बसायला सांगितलं, सरबत आलं, आणि मग तिनं विचारलं, ‘अम्मा, सर कब आरे?’

मला कळेना. तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. पाहुणे – दोन.

मी भरलं होतं. सवयीनं. रेल्वेचं तिकीट असो की नाटकाचं, फॉर्म नेहमी मीच भरायची आणि आकडा नेहमी दोनच असायचा. हात गेला असणार तिकडे.

खरं सांगायला तोंड उघडलं. आणि म्हटलं, ‘मागून येतायत.’

का म्हटलं? माहीत नाही. तिनं ‘ओके अम्मा’ म्हणून दोन चाव्या दिल्या.

खोली! पलंगावर आडवं झोपलं तरी पाय बाहेर येत नाहीत, मी झोपून बघितलं. उशांची यादी आहे – खरंच, छापलेलं कार्ड – सहा प्रकारच्या उशा, हवी ती सांगायची. मी कापसाची कडक मागितली, ती पाच मिनिटांत आली! न्हाणीघर आमच्या हॉलएवढं. टबात बसले पाऊण तास, बोटं सुरकुतली. दोन झगे टांगलेले, पांढरे. दोन सपातांचे जोड. एक मी घातला. दुसरा पलंगाच्या ह्यांच्या बाजूला नीट लावून ठेवला.

बाल्कनीतून सगळं तळं दिसतं. तळ्यातला बुद्धाचा पुतळा इकडून बघितला तर जवळ वाटतो. वारा फिरला की तळ्याचा वास येतो, तो काही श्रीमंत-गरीब बघत नाही. आणि खाली तो रस्ता! स्कूटरी जातायत. तीस वर्षं तिथून वर बघितलं, आज वरून खाली बघतेय. एक जोडपं गेलं, बाई मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली. मी हात हलवला. त्यांनी बघितलं नाही.

संध्याकाळी तेजसचा व्हिडिओ कॉल! घाईत उचलला, फोन छताकडे धरला. नात बोलत होती, तन्वी. म्हणाली, आजी, इंदुआजीच्या घरी झुंबर कधी लावलं? मी म्हटलं, नवीन आहे. तर म्हणते, दाखव ना नीट! मी नेटवर्क नाही म्हणून बंद केला. बासष्टाव्या वर्षी नातीला थाप मारली.

साबण दोन ठेवलेत इंदुताईसाठी.

३ फेब्रुवारी, सकाळ

लगेच लिहायला हवं.

नाश्ता बाल्कनीत सांगितला होता. घेऊन आले ते युसुफभाई, साठीचे असतील, पांढरी दाढी. टेबल मांडलं. दोन प्लेटा, दोन कप. माझ्यासमोर इडली, समोरच्या खुर्चीपुढे टोस्ट आणि ऑम्लेट. मी म्हटलं, एकच पुरे. ते म्हणाले, ‘साब उठे तो गरम लातूं फिर से. अब्बी रैने दो.’

मी रिकाम्या खुर्चीसमोर बसून इडली खात होते. ऊन छान होतं. आणि मनात तेच – ९ तारीख, सही, पुणं. काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून मोठ्यानं निघालं, त्या खुर्चीकडे बघून, ‘अहो, मला नाही जायचं पुण्याला.’

कठड्यावर कावळा आला. मान वाकडी करून बघितलं. उडी मारून थेट ह्यांच्या प्लेटीत, आणि टोस्ट उचलून पसार!

युसुफभाई दारातून धावत आले. ‘अरे अरे! साब का टोस लेके भाग गया उनो! माफ करो अम्मा, रोज का चोर है. प्लेट खुल्ली नक्को रखो इसके सामने.’

मी हसायला लागले. थांबेचना. हसता हसता रडायला आलं, मग पुन्हा हसू. ते बिचारे पाणी घेऊन उभे. शेवटी मी त्यांना सांगितलं, साब नाही येणार. ऑक्टोबरात गेले. दोनचा आकडा माझ्याकडून चुकून पडला.

ते आत गेले. मग दुसरा टोस्ट आणला, त्याच प्लेटीत ठेवला, आणि झाकण न घालता गेले.

रोजचा चोर आहे, मान्य. पण टोस्टच नेला. इडली जवळ होती.

३ फेब्रुवारी, दुपार

तेजसला फोन केला. मी! स्वतःहून!

आधी सांगितलं कुठे आहे ते. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग दहाव्याचं सगळं सांगितलं – तू बोललास तेव्हाच मी मनात काय म्हणत होते ते.

तो म्हणाला, ‘बाबांना हॉटेल हवं होतं? बाबांना?’

‘हौ.’

‘पण मी शब्द दिलाय आई. सगळ्यांसमोर.’

‘तू नेईन म्हणालास. मी येईन असं कुठं म्हटलं? मला कुणी विचारलंच नाही.’

‘मग तेव्हाच का नाही बोललीस?’

‘कावळ्यापुढं काय बोलणार?’

हसेल असं वाटलं होतं. नाही हसला. लहानपणी पतंग कटला की त्याचा आवाज व्हायचा, तसा झाला. म्हणाला, म्हणजे माझ्यावर नव्हताच शिवला. मी म्हटलं, असं कसं, तूही होतास की तिथं. पण त्याला काय कळायचं ते कळलं. शेवटी म्हणाला, ‘बाबांचीच इच्छा होती तर प्रश्नच नाही. गौतमला मी सांगतो.’

झालं! घर राहिलं! मशीन राहिलं, फ्रिज राहिला, बरकतपुरा राहिला! बाल्कनीत येरझाऱ्या घातल्या, झगा घालून.

पण त्याचा तो आवाज कानातून जात नाही.

४ फेब्रुवारी

घरी. निघताना युसुफभाईंनी साबणाची पुडी हातात दिली. आधीचे दोन धरून आठ! इंदुताईनं तीन नेले, पाच मी ठेवले.

८ फेब्रुवारी, रविवार

तेजस काल आला. कागद आणले नाहीत. आज सकाळी ह्यांची स्कूटर पुसली, गौतमनं किक मारून दिली, आणि मला म्हणाला, बस, बाबांचं ते हॉटेल दाखव.

मागे बसले. तळ्याचा रस्ता आला. बंगला दिसायला लागला तसा माझा हात आपोआप उठला. पण तेजसनं आधीच गाडी हळू केली. मान न वळवता म्हणाला, ‘इथंच ना बाबा हळू करायचे?’

मी हौ म्हटलं.

खरं लिहिते, निदान इथं तरी. ह्यांना त्या हॉटेलचं काडीचं कौतुक नव्हतं. तिथं जाऊन काय, झोपायचंच ना, घरी पलंग आहे की – दर वेळी हेच. गाडी हळू व्हायची ती मी मागून खांद्यावर टिचकी मारायची म्हणून. इच्छा माझी होती.

दहाव्याला भिंतीवर सात कावळे होते, आणि मी मनातल्या मनात टिचकी मारली. ह्यांनी गाडी हळू केली.