कंसातलं ‘पुढे चालू’

३ मार्च, सोमवार

आज माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. त्याची कुठेतरी नोंद राहावी, म्हणून इथे करतो. कीबोर्डवर डावीकडे टॅब नावाचं एक बटण असतं. इतकी वर्षं त्याने माझं काही वाकडं केलं नव्हतं, मीही त्याच्या वाटेला गेलो नव्हतो. आज कळलं की पटकथा म्हणजे तेच बटण! एकदा दाबलं की पात्राचं नाव. पुन्हा दाबलं की कंस. आणखी एकदा दाबलं की मी कुठे आहे हे मलाच कळत नाही. जन्मभर लोकांची टिंगल करून पोट भरलं. आज एका बटणाने माझी केली.

हे सगळं निर्मात्यामुळे. वर्तमानपत्रातलं माझं सदर बंद पडल्याला वर्ष होत आलं. ‘जागेअभावी’, असं संपादक म्हणाले. त्या जागी आता गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात असते. मलमाने निदान कुणाला बरं तरी वाटत असेल. तर, त्यानंतर चालून आलेलं हे पहिलं काम. निवृत्त नवरा, त्याची बायको, एक स्वयंपाकघर — एवढीच गोष्ट, पण निर्मात्याला आवडली. ‘वर्डमध्ये पाठवू नका हं. पटकथेच्या सॉफ्टवेअरमध्ये पाठवा. आमची माणसं दुसरं काही उघडतच नाहीत.’ एकवीस तारखेपर्यंत. नाहीतर तो दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट घेणार.

दुपारी वहिनी चहा घेऊन माझ्या मागच्या खोलीत आल्या. ‘काय लिहिताय भाऊजी? सांगा की एकदा.’

मी म्हणालो, ‘हं.’

आमच्या घराण्यात हे उत्तर चालतं. दादाने तर तेवढ्यावर संसार केला.

५ मार्च

सॉफ्टवेअर निवडणं हे स्थळ पाहण्यासारखं आहे. फोटोत सगळीच गोरी.

पहिलं नामांकित. किंमत पाहिली आणि खिडकी हळूच बंद केली, कुणी पाहिलं नाही ना याची खात्री करत. दुसरं फुकट, पण त्यात मराठी लिहिलं की जोडाक्षरं फुटतात. ‘स्वयंपाकघर’ असं काही विस्कटलं की भांडी रस्त्यावर आली. तिसरं इंटरनेटवर चालतं. इंटरनेट गेलं, नायिकेने वाक्याच्या मधोमध जीव सोडला. चौथं चांगलं आहे, पण पैसे भरेपर्यंत प्रत्येक पानावर तिरपं ‘नमुना’ असं छापतं. माझ्याबद्दल इतकं खरं अजून कुणी छापलं नव्हतं.

६ मार्च

आणखी दोन उतरवून घेतली. रंग निवडले. काळी पार्श्वभूमी की पांढरी, यात सकाळ गेली. लिहिलेले प्रसंग : शून्य.

८ मार्च

चौथंच घेतलं. पैसे भरले. ‘नमुना’ गेलं — कागदावरून तरी.

याला पात्रांची नावं इंग्रजी कॅपिटलसारख्या मोठ्या अक्षरांत हवी असतात. आमच्या भाषेत मोठी अक्षरं नाहीत, बाबा! आम्हाला मोठं व्हायचं असलं तर आम्ही आवाज चढवतो. पात्रांना नावंच दिली नाहीत. ‘तो’ आणि ‘ती’. काम सोपं.

११ मार्च

स्वयंपाकघराचा प्रसंग झाला. मी खूश, सॉफ्टवेअर आगाऊ.

ती बोलते. तो पेपरचं पान उलटतो. ती बोलते. तो चष्मा पुसतो. आणि हे शहाणं दर वेळी तिच्या नावापुढे आपणहून कंसात ‘पुढे चालू’ असं लिहितं! पान भरून नुसतं ती (पुढे चालू), ती (पुढे चालू). खोडलं की पुन्हा येतं. सगळी सेटिंग्ज उलटीपालटी केली. शेवटी मदतीच्या पानावर खुलासा सापडला : एका पात्राच्या दोन संवादांमध्ये दुसरं कुणी बोललं नाही, तर ही खूण आपोआप लागते.

म्हणजे चूक सॉफ्टवेअरची नाही.

भिंतीपलीकडे वहिनी बोलत होत्या. दुधाबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल, पुन्हा दुधाबद्दल. दादा समोरच बसलेला असणार. पेपर उलटल्याचा आवाज आला.

मी खूण खोडायचं सोडून दिलं.

१३ मार्च

अर्धा भाग पाठवला होता. निर्मात्याचा फोन : ‘ते नळाचं वाक्य! कमाल! पोस्टरवर घालू. पण बाई फार बोलते हो. तिचं निम्मं करा. आणि शेवट कुठाय?’

शेवट नाही. असता तर मी त्याच्यामागे लपलो असतो.

नळाचं वाक्य असं : ‘या घरात वेळेवर बोलतो तो फक्त हा नळ.’ वहिनींचं आहे. भांडी घासता घासता त्या गळक्या नळाकडे बघून म्हणाल्या होत्या. मी दाराआडून उचललं. लेखकाने कान उघडे ठेवावेत, असं मीच कुठेतरी भाषणात म्हणालोय. भाषणांत आपण काय काय म्हणतो!

१४ मार्च

तिचं निम्मं केलं. प्रसंग मेला. सगळं परत घातलं.

१५ मार्च

आज जे झालं ते लिहू नये. लिहितो.

या सॉफ्टवेअरमध्ये ‘पात्रांना आवाज द्या’ अशी सोय आहे. पटकथा मोठ्याने वाचून दाखवतं. मराठीत दोनच आवाज : एक बाई, एक पुरुष, दोघंही बँकेच्या फोनवर काम केल्यासारखी. बाई ‘ती’ला दिली, पुरुष ‘तो’ला. कानाला हेडफोन लावला, बटण दाबलं. काहीच ऐकू येईना. आवाज वाढवला. आणखी वाढवला. हेडफोनची वायर मांडीवर लोळत होती. लॅपटॉपचा आवाज घरभर!

‘या घरात वेळेवर बोलतो तो फक्त हा नळ,’ बँकेतली बाई ठणकावून म्हणाली. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं.

बंद करेपर्यंत वहिनी दारात होत्या. हाताला साबण. त्यांच्यामागे दादा, पेपरसकट.

‘हे मी म्हटलेलं,’ वहिनी म्हणाल्या. ‘सगळंच्या सगळं मी म्हटलेलं.’

मी म्हणालो, ‘हं.’ घराण्याचा गुण.

‘आणि यातला हा का बोलत नाही? याला आवाज दिला नाहीत का?’

‘दिलाय. त्याला वाक्यंच नाहीत.’

वहिनी हसायला लागल्या. मग हसता हसता थांबल्या. मला वाटतं, थांबायला नको होतं. दादा चपला घालून बाहेर निघून गेला.

१६ मार्च

वहिनी बोलत नाहीत. माझ्याशी नाही, दादाशी नाही, दुधाशीही नाही. चहा टेबलावर ठेवलेला मिळाला. निर्मात्याने निम्मे कापायला सांगितले होते. मी या घरातले सगळेच संवाद कापले.

नळ तेवढा चालू आहे.

१७ मार्च

तसंच. उभ्याने लिहितो, बसून खोडतो. सॉफ्टवेअर सांगतं : ‘आजचं उद्दिष्ट पूर्ण झालेलं नाही.’ माहीत आहे!

१८ मार्च

दादा खोलीत आला. वर्षाकाठी एकदा येतो, बल्ब गेला की. लॅपटॉपच्या पडद्यावरचं पान वाचलं.

‘तो म्हणजे मी?’

‘तो म्हणजे तो रे. कुणीही.’

‘हं.’ मग : ‘त्याला एखादं वाक्य देता येईल?’

‘येईल की. काय देऊ?’

दादा उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. इतकी वर्षं कार्यालयात शेकडो माणसांच्या अर्जांवर शेरे मारलेला हा माणूस, एका वाक्यासाठी घामाघूम झाला.

‘सुचलं की सांगतो,’ म्हणाला आणि गेला.

मी ‘तो’ असं टंकून ठेवलंय. खाली रिकामं.

२० मार्च

भिंतीपलीकडून, सकाळी :

‘वायसर गेलंय.’

भांड्यांचा आवाज थांबला. ‘काय म्हणालात?’

‘नळाचं. वायसर गेलंय. कधीपासून गळतोय हा?’

‘हिवाळ्यापासून.’

‘मग सांगायचं नाही का मला!’

देवा! त्यानंतर जे सुरू झालं! सांगायचं? मी? सांगायचं? हिवाळ्यापासून सांगतेय, त्याच्या आधी कपाटाच्या बिजागरीचं सांगितलं, त्याच्या आधी माझ्या डोळ्यांचं सांगितलं! दादा म्हणाला, डोळ्यांचं कधी? वहिनी म्हणाल्या, बघा! दादाचा आवाज चढला. त्याला आवाज आहे हे मी विसरलोच होतो. दुपारपर्यंत भांडण. मध्ये एकदा दादा पाना मागायला आला — डोळे लाल, कान लाल, बाही कोपरापर्यंत भिजलेली — आणि जाता जाता म्हणाला, ‘ते वाक्य घाल. सांगायचं नाही का मला. मूर्ख वाटतं, पण घाल.’

घातलं. ‘तो’च्या खाली. त्याबरोबर पुढच्या ‘ती’पुढचा कंस आपोआप गळून पडला. मी बोटसुद्धा लावलं नाही.

शेवट मिळाला. उद्या पाठवायचं.

२१ मार्च, शुक्रवार

पाठवण्याआधी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. नळ कोरडा. दादा वहिनींना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघायच्या तयारीत होता.

‘वहिनी, काय लिहिताय म्हणून विचारलं होतंत ना. उत्तर राहिलं होतं.’

त्या बसल्या. मी पहिल्या पानापासून वाचून दाखवलं, माझ्याच आवाजात. वाचून झाल्यावर म्हणालो, ‘तुम्ही नाही म्हणालात तर पाठवत नाही.’

निर्मात्याचा फोन वाजत होता. फोनसकट आम्ही तिघंही वहिनी काय बोलतात याची वाट पाहत होतो — दादासुद्धा, पेपर न घेता.