टायगरचे पाणी बंद

४ मे १९३४, सकाळ
टायगर फार पाणी पितो. सकाळपासून तपेले दोनदा चाटूनपुसून रिकामे, आणि मग ओटीवर मुतला. पेन्शन घेतली ती फरशा पुसायला नव्हे. कुत्र्याचे मला कळते. हा आजार नाही, सवय आहे. उद्यापासून डिसिप्लिन. पाणी दोनच वेळा.

५ मे
शेजारचे टांगेवाले लियाकतमियाँ म्हणाले, जनावरांच्या डॉक्टरला दाखवा साहेब. समजावले : पिसाळलेले कुत्रे पाण्याला भिते. आमचे तर पाण्यासाठी जीव टाकते. अर्थात प्रकृती उत्तम. ते घोड्याला चारा घालत राहिले. पटले असावे.

८ मे
न्हाणीत शिरून साबणाचे पाणी प्याला! काठी नुसती दाखवली. (एकदा लागली.) हिचे म्हणणे, "अहो, तहान लागल्याशिवाय का पितंय मुकं जनावर?" बायकांना लॉजिक नसते. फार थकलो. दुपारची झोपही गेली.

११ मे
टायगर बारीक झाला. खातो मात्र दुप्पट. शिस्तीचा परिणाम, फौजी बांधा येतो आहे. बक्षीस म्हणून पेढा दिला.

१३ मे
ही चोरून पाणी देते असा दाट संशय. तपेले कपाटात. किल्ली जानव्याला. घरात कोणी बोलत नाही. शांतता बरी वाटते. बरीच म्हणायची.

१४ मे, संध्याकाळ
टायगर पायरीवर कोसळला. उठेना. लियाकतमियाँनी न सांगता टांगा जोडला. हिने त्याचे डोके मांडीवर घेतले. मी पुढे बसलो. डॉक्टरांनी लघवी तपासली. साखर निघाली. म्हणाले, तहान हा रोग नव्हे, रोगाची खूण. साखर लघवीवाटे जाताना अंगातले पाणीही घेऊन जाते, म्हणून ते बिचारे पिते. मग विचारले, "पाणी कोणी तोडलं याचं?"
उन्हाळा आहे, जरा टंचाई होती, म्हणालो. गोदावरीच्या काठी राहून! लियाकतमियाँ खाली बघत होते. ही माझ्याकडे.

१६ मे
आज उभा राहिला. किती दिवसांचा सोबती, डॉक्टर सांगत नाहीत. गोड बंद, पाणी हवे तितके. तपेले मी स्वतः काठोकाठ भरून पुढे ठेवले. जवळ आला. जीभ बाहेर, पण तोंड लावीना. माझ्याकडे पाहिले. मग हिच्याकडे.
ही म्हणाली, "पी रे."
तेव्हा प्याला.