हशासाठी सोडलेली जागा

१२ जानेवारी
आमच्या जुन्या नाटकावरच्या सिनेमाचं डोंबिवलीत शूटिंग सुरू. वर्तकनगरला घराखाली गाडी येते न्यायला. नाटकाच्या दौऱ्यात बसच्या मागच्या सीटवर, सेटच्या दाराखिडक्यांना टेकून जायचो. चैन आहे आता. दिग्दर्शिका केतकी, वय माझ्या मुलीएवढं, डोकं तिच्याहून तेज. आज पुन्हा पुन्हा कट, दर वेळी माझ्यामुळे. "काका, वाक्य झालं की निघा ना. थांबता कशाला?"
थांबत होतो? मला पत्ताच नाही.

१३ जाने.
कळलं. हशाला थांबतोय मी!
दारात उभं राहून बायकोला "हा गेलो नि हा आलो" म्हणायचं आणि कोथिंबीर आणायला निघायचं. नाटकात प्रत्येक प्रवेश असाच संपायचा आणि पुढचा मी कोथिंबिरीशिवाय परत येण्यानं सुरू व्हायचा. दुसऱ्या खेपेपासून लोकांना पुढचं आधीच कळायचं. हशा फुटायचा. तो जरा ओसरला की मी पाऊल उचलायचो, मग अंधार. अंधारातही हसत असायचे. त्या हशावरूनच आम्ही एका प्रवेशातून दुसऱ्यात जायचो.
आता समोर कॅमेरा, साउंडवाला आणि ज्यांचा फ्लॅट भाड्यानं घेतलाय त्यांची मांजर. हसणार कोण? पण पाय हलत नाहीत. मेली सवय.

१५ जाने.
सुट्टी. कल्याणला मंदाकडे. नाटकातली माझी बायको, पहिल्या प्रयोगापासून शेवटच्यापर्यंत तीच. सिनेमाला गुडघ्यांचं कारण सांगून नाही म्हणाली. माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि वर, "अरे अवी, हशा काय घरून डब्यात घालून नेणारेस का?"
मग स्वतः ओट्याशी उभी राहिली, मला दारात उभं केलं. "बोल आणि फूट." पाच-सहा वेळा केलं. शेजारीण दार उघडून बघून गेली.
नंतर थालीपीठ, चहा, जुन्या गप्पा. टेंभी नाक्याचा नवरात्रातला तो प्रयोग आठवला. हशा थांबेचना, लाइटवाला स्वतःच हसत बसला आणि अंधार करायचा विसरला. मी बिचारा दारात एक पाय उचलून उभा! काय दिवस होते. फार आठवण येते. इथे लिहायला लाज कसली.

१९ जाने.
शूटिंग संपलं. मंदाच्या तालमीचा गुण आला, सगळ्या प्रवेशांत वेळेवर निघालो. फक्त अगदी शेवटच्याला पुन्हा पाय अडकला. केतकीनं पुन्हा घ्यायला लावलं नाही. दमली असेल.

८ फेब्रुवारी
खोपटला के.च्या ऑफिसात एडिट बघितलं. मी "हा गेलो नि" म्हणतो आणि "हा आलो"वर कुकरची शिट्टी! लगेच पुढचा सीन, मी रिकाम्या पिशवीनिशी घरात. दारातून बाहेर पडताना मी दिसतच नाही.
"माझी एक्झिट कुठाय?"
"काका, ती शिट्टीत गेली."
रुसलो. पण खोटं कशाला बोला, दुसऱ्या शिट्टीला मीच हसलो.
मग शेवटचा सीन. तो मात्र अख्खा ठेवलाय. वाक्य होतं, मी दारात थांबलोय, मागे बघतोय, बघतोच आहे. संगीत नाही, काही नाही. मग काळोख.
के.चे डोळे भरलेले. "किती आत गेलात हो काका. या माणसाला आपण परत येऊ की नाही याचीच खात्री नाही, असं वाटतं."
आत कसला जातोय. हशाची वाट बघत होतो मी.

९ फेब्रु.
राहवलं नाही. के.ला फोन करून खरं सांगून टाकलं. ऐकून खो खो हसली. "असू दे ना. पडद्यावर जे दिसतं ते दिसतं."
आमचे दादा, ज्यांनी नाटक लिहिलं नि बसवलं, ते असते तर तिला फैलावर घेतलं असतं. रडायला लोकांना घरी भरपूर जागा आहे म्हणायचे, त्यासाठी तिकीट कशाला काढतील? त्यांच्या नाटकात कोणी डोळे पुसायचे नाहीत म्हणजे नाहीत.
पण दारातलं ते थांबणं काढलं की अख्ख्या सिनेमात माझ्या वाट्याला कुकरच्या शिट्ट्या. तेवढाच वेळ मी पडद्यावर एकटा आहे. बरा दिसतो, हेही लिहून ठेवतो. या वयात हाव सुटत नाही.
के. म्हणाली, रविवारी ओळखीच्यांना दाखवू, मग तुम्ही म्हणाल तसं. घोंगडं माझ्या गळ्यात.

१५ फेब्रु., रविवार
डोंबिवलीत एका छोट्या हॉलमध्ये दुपारी दाखवला. मंदाला कल्याणहून रिक्षानं आणलं. शिट्ट्यांना लोक मनसोक्त हसले. जीव सुपाएवढा झाला.
शेवटची जागा आली. हॉल चिडीचूप. पुढच्या रांगेतल्या बाईंनी रुमाल काढला. आणि माझ्या शेजारी मंदा हसली. चांगली मोठ्यानं. मागे दोघे-तिघे हसले, बाकीच्यांनी वळून आमच्याकडे रागानं बघितलं. तोवर काळोख झाला.
परतताना रिक्षात के.चा मेसेज. "काका, ठेवू की काढू?"
नाटकात या जागी मंदा प्रेक्षकांकडे पाठ करून उभी असायची आणि तिचे खांदे हलायचे. इतकी वर्षं मी ते हसू, मला दिलेली दाद समजलो. आज विचारलं. खरंच हसू आलं, की माझ्यासाठी हसलीस?
"इतक्या प्रयोगांत एकदाही विचारलं नाहीस रे हे."
"आता विचारतोय ना."
"घर आलं. हात दे, उतरू दे मला."
हात दिला. जिन्यापर्यंत पोचवून आलो. केतकीला अजून काही कळवलेलं नाही.