स्वयंपाकघरात नेट पोचत नव्हतं

प्रिय ठकू,

आईला माझ्याशी बोलायचंच नसेल तर मी यापुढे फोन करणार नाही, हा तुझा निरोप वाचला आणि लगेच लिहायला बसलो. दर रविवारी तू व्हिडिओ कॉल करतेस, मी तब्येतपाणी विचारतो, आणि आईच्या हातात फोन गेला रे गेला की कॉल तुटतो. तुझ्या लग्नाचा राग अजून गेला नाही, ती मुद्दाम कापते, असं तुला वाटणं साहजिक आहे. अगं, मलाही तसंच वाटायचं. पण जरा ऐकून घे.

माझा जन्म शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात गेला. मशीन अडलं की लोक मोटरवर संशय घेतात आणि खोट निघते दोऱ्यात. म्हणून आधी नेटवाल्याला बोलावलं. त्याने वायर बदलली, राउटर बंद करून चालू केला, चहा प्यायला आणि काका, आता बघायलाच नको, म्हणून गेला. रविवारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या! मग मीच फोन हातात धरून घरभर फिरलो. बाहेरच्या खोलीत झकास, मधल्या खोलीत बरं. लोखंडी कपाट ओलांडून स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की नेट गुडूप.

आणि तुझी आई तुझा फोन घेऊन कुठे जाते? स्वयंपाकघरात, दार ओढून! माझ्यादेखत डोळे पुसायचे म्हणजे बाईसाहेबांना कमीपणा.

गेल्या रविवारी दार किलकिलं करून पाहिलं. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, तुझं चित्र जागच्या जागी थिजलेलं, आणि ही त्याच्याशी बोलतेय. चष्मा कपाळावर, त्यामुळे नेट गेल्याची स्क्रीनवरची अक्षरं दिसायचा प्रश्नच नाही. तिला वाटतं, तू गप्प राहून ऐकतेस आणि उत्तर न देताच फोन ठेवतेस. असे किती रविवार गेले, कोण जाणे.

दुसऱ्याच दिवशी दुकान गाठलं. दुकानदार भल्यामोठ्या शिंगांचा एकच राउटर गळ्यात मारत होता. म्हटलं, बाबा रे, कपाट आडवं आल्यावर शिंगं काय करणार? शेवटी जोडीचे दोन लहान घेतले. एक बाहेर, दुसरा मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारासमोर. पहिला दुसऱ्याकडे नेट पोचवतो, दुसरा आत. आता शेगडीपाशीही चित्र हलतं-बोलतं. मला बातम्या नीट दिसाव्यात म्हणून आणले, असं तुझ्या आईला सांगितलंय.

फोनवर हे बोललो असतो, तर ती कान टवकारून उभी राहिली असती. तिचं बोलणं तुझ्यापर्यंत पोचलंच नाही, हे तिला सांगायची माझी छाती होत नाही. आणि एकदा मन मोकळं केल्यावर दुसऱ्यांदा करणारी ती नव्हे, तू ओळखतेसच. म्हणून दाराआडून ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो. ती सांगत होती, चुकलं माझं, लग्नाला यायला हवं होतं. नव्या चपला घालून दारापर्यंत आले होते गं, पाय निघाला नाही. जावयाला घेऊन ये. एवढंच म्हणाली ती आणि तुझ्या चित्राकडे बघत बसली. या रविवारी फोन कर, पोरी. ती आत जाईल, दार ओढेल. तू काही विचारू नकोस. फक्त, येतो आम्ही, एवढं म्हण.

तुझाच,
दाराबाहेर उभा असलेला बाबा